पंपाचा दांडा

माझा तळवा जिथे लागला तिथे त्याने पाणी ओतलं. पेट्रोलच्या टाकीवर. तांब्याभर. भर रस्त्यात, सगळी बघत असताना.

मोटारसायकल धाकट्या खोताची. खोती कायद्याने गेली होती, माणसांच्या तोंडातून गेली नव्हती. जागा कणकवलीची, हमरस्त्यावरचा पंप. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. आम्ही महारवाड्यातले. मी चौथीपर्यंत शिकले, तेही शाळेच्या दाराबाहेर बसून.

पंप हाताचा होता. लोखंडी दांडा मागेपुढे ओढला की पेट्रोल वरच्या काचेच्या भांड्यात चढायचं. भांडं भरलं की नळीतून गाडीत सोडायचं. दांडा आमचा, नळी पंपाच्या मालकाची, शेटची. असाच रिवाज होता. दांडा माझा बापूस ओढायचा. त्याचा खांदा गेला, मग मी ओढू लागले. लग्न व्हायचं होतं माझं. बापूस बाजूला बसून असायचा. जिथे घाम गाळायचा तिथे विटाळ नाही. जिथे गाडीला हात लागेल तिथे विटाळ.

त्या दिवशी शेटने टाकीच्या तोंडावर नरसाळं ठेवलं, त्यात नळी सोडली आणि आत ऑइलचा डबा आणायला गेला. गाडी कलली. नळी सटकली. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडायला लागलं. खोत तिथेच उभा, तोंडात सिगारेट, हातात काडेपेटी. मी ओरडले. दांडा सोडून धावले. एका हाताने नळी धरली, दुसऱ्याने टाकी. नाहीतर तो जळाला असता. जळू द्यायला हवा होता, असं आता म्हणणार नाही. त्या रात्री म्हणाले होते.

"टाकीक हात लावलंस गो?" त्याने विचारलं. तेवढंच दिसलं त्याला.

शेट धावत आला. प्यायच्या पाण्याचा तांब्या त्याने पुढे केला. खोताने स्वतःच्या हाताने ओतला. टाकीचं तोंड उघडं, नरसाळं तसंच वर. अर्धं पाणी आत गेलं. विटाळ काढायच्या घाईत त्याला कळलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं. कुणी बोललं नाही. मीही नाही. त्याने झाकण लावलं, गाडीला लाथ मारली आणि धूर सोडत गेला.

पुलाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. ढकलत चढ चढून आला. एस्टीची वाट बघणारी माणसं हसली. तो राग त्याने माझ्यासाठी राखून आणला. गाडी उभी केली आणि कमरेचा पट्टा सोडला.

"पेट्रोलात पाणी घातलंस, रांडे."

पहिला फटका कानावर. त्या डाव्या कानाने मला आजही ऐकू येत नाही. दुसरा पाठीवर. शेट तांब्या हातात धरूनच उभा होता. मला म्हणाला, कबूल कर आणि मोकळी हो. बापूस उठला, हात जोडले आणि खोताला म्हणाला, चूक झाली पोरीची. पट्ट्यापेक्षा ते लागलं.

मग खोताने शेटकडून रबरी नळी मागून घेतली. एक टोक टाकीत घातलं, दुसरं माझ्या तोंडाशी आणलं.

"तोंडान ओढ. सगळा भायर काढ."

मघाशी तळव्याने बाटलेली टाकी आता तोंडाने बाटत नव्हती. माझी थुंकी त्याच्या टाकीत चालत होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विटाळ कुठे नव्हताच. त्यांना हवा तेव्हा तो लागतो, नको तेव्हा लागत नाही.

मी ओढलं. तोंड भरलं. जीभ पेटली. ते सगळं त्याच्या डोळ्यांत थुंकले.

तो किंचाळला. आंधळ्यासारखा पट्टा फिरवत अंगावर आला. मी खोबणीतून दांडा उपसला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला. आमच्या घरातलं कुणी कधी त्यांच्याशी मान वर करून बोललं नव्हतं.

"पाणी तू ओतलंस," मी म्हणाले. "सगळ्यांनी बघल्यानी."

दांडा हातात घेऊन घरी आले. अडवायला कुणी पुढे झालं नाही. संध्याकाळी त्याची माणसं महारवाड्यात आली. लाथांनी माझी बरगडी मोडली, आमची चूल फोडली. निरोप ठेवून गेली. खोताच्या अंगणात ये, दांडा परत कर, नाक घास, पाणी मीच घातलं म्हण.

बापूस म्हणाला, "जा गो बाय. नाक घास. माका जगाचा आसा."

मी म्हटलं, तू जग. नाक माझं आहे.

गेले नाही. बापूस मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी रस्त्यावर खडी फोडली, पोरं वाढवली. खोताच्या पायाशी गेले नाही, आणि बापसाच्याही नाही.

शेट दांडा मागायला आला होता, तसाच परत गेला. दांडा माझ्या दारामागे उभा आहे. त्याला गंज चढू देत नाही, खोबरेल लावते. अजूनही तो दोन्ही हातांनी उचलते. माझ्या हाताची जागा ज्याला धुवायची असेल, त्याने तांब्या घेऊन यावं.