फर्मिनच्या खाचरातल्या गोगलगायी

मुलगी हवी असेल तर पोरानं आधी तिच्या बापाच्या घरी राबायचं, ही गावची रीत. आणि फर्मिनचा या रीतीवर फार जीव. त्याच्या पेर्लितासाठी नेस्तोर आला, तेव्हा त्यानं पोराला भाताचं खाचर दाखवलं. परमुलखातून येऊन फिलिपिन्सच्या अख्ख्या लुझॉन बेटाचं भात फस्त करत सुटलेल्या गोगलगायींनी ते बुजबुजलं होतं.

"हे साफ झालं की लग्न," फर्मिन म्हणाला.

नेस्तोर रोज उजाडताच बादलीभर गोगलगायी वेचायचा, खाचरात रोवलेल्या काठ्यांवरची त्यांची गुलाबी अंडी खरवडायचा. दुसऱ्या दिवशी खाचर पुन्हा भरलेलं! फर्मिन बांधावर कॉफी पीत ओरडायचा, "डोळे फुटले का रे? ती बघ एक!"

पाटातून गोगलगायी आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी जाळी होती. एका संध्याकाळी फर्मिन रोजच्यासारखा ती हळूच उचलायला गेला, तर जाळी जागची हलेना. मागे बायको, सालूद, कमरेवर हात ठेवून उभी.

"असं आहे होय!"

"हळू बोल. फुकटचा गडी आहे, राबू दे की सुगीपर्यंत."

"थेट माझ्या बापावर गेलास. लग्नाआधी आमच्याकडे पाणी भरायचास, तो रांजण वर्षभर भरला नाही, आठवतं? बाबांनी बुडाला भोक पाडलं होतं."

"लबाड थेरडा!" फर्मिन उसळला. "मग शेवटी भरला कसा?"

"मी मेण लावलं म्हणून. आणि ती जाळी ओढू नकोस, निघायची नाही. पेर्लितानं दुपारीच तारेनं आवळलीय."