पाझरापाशी उभा राहिलेला माणूस

मुंबईहून निघालो तेव्हा पिशवीत दोन सदरे, एक पंचा आणि माझ्या सहीचा एक कागद होता. तो कागद नवेगाव बांधला पोचवायचा, एवढ्यासाठीच हा प्रवास. तीन वर्षे मी तो टाळत आलो होतो.

गोंदियाला सकाळी उतरलो. स्टेशनावर ज्याच्या त्याच्या तोंडी हिंदी. चहावाल्याला पुढची गाडी विचारली, तर तो हसला. "छोटी लाइन है, मास्टर. भैंस सामने आई तो भैंस पहले जाएगी." ती चांद्याकडे जाणारी लहान रुळांची गाडी खरेच तशी होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या (भातखाचरे) आणि त्यांच्यापलीकडे जंगल. डब्यातल्या बायका टोपल्या मांडीवर घेऊन मोठमोठ्याने बोलत होत्या. मला मात्र जहाजातल्या यंत्रघराचाच आवाज ऐकू येत होता.

मी जहाजावरचा नळांचा मिस्त्री. समुद्राचे पाणी यंत्रापर्यंत नेणारे लोखंडी नळ ते खारे पाणीच आतून खात असते. हातोडीने ठोकले की चांगला नळ खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. भर समुद्रात नळ गळू लागला, तर त्याच्याभोवती फळ्यांची पेटी करून आत सिमेंट ओततात. हे काम बंदर येईपर्यंतचे. बंदरात पेटी फोडायची, नळ काढून नवा बसवायचा, आसपासचा गंज खरवडून शेंदरी रंगाचे दोन हात द्यायचे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका नळाची पेटी मी बंदरात फोडली नाही. काम दोन दिवसांचे होते आणि घरी जायला रजाही दोनच दिवसांची होती. पेटीवर करडा रंग फासला आणि कामाच्या वहीत लिहिले, 'नळ बदलला'.

नवेगावसाठी उतरलो त्या स्टेशनावर नागो नावाचा खासरवाला भेटला (खासर म्हणजे हलकी बैलगाडी).

"कोणाकडं जाऊन राहिले जी?"

"आसारामजींकडे. गोविंदाच्या घरी."

"गोविंदा? थो तर जहाजावर बुडला. आता तुमीच सांगा, आमच्या बांधात (इथल्या तलावात) पोहून मोठा झालेला माणूस बुडते का? पिऊन असन."

गोविंदा यंत्रांना तेल घालायचा आणि दारूला कधी शिवत नव्हता, हे मला तिथेच सांगता आले असते.

"समुद्र लय मोठा म्हणतात," नागो थोड्या वेळाने म्हणाला. "आमच्या बांधाएवढा तरी असन का?"

जंगल संपले आणि तो तलाव समोर आला. डोंगरांच्या कुशीत पसरलेले निळे पाणी, त्यावर हजारो बदके, काठाला कोळ्यांचे डोंगे (लाकूड कोरून केलेल्या होड्या). एवढे सुंदर पाणी मी जगात फार थोड्या ठिकाणी पाहिले असेल. मला ते बघवेना.

आसारामजी अंगणात दोर वळत बसले होते. त्यांच्या मुलाबरोबर, गोविंदाबरोबर, जहाजावर काम करत होतो म्हटल्यावर त्यांनी आधी जेवायला बसवले. सुनेने, गोविंदाच्या बायकोने, भात, लाखोरीचे वरण (इकडची डाळ) आणि मरळ मासा वाढला. खाल्ल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगावे, असे मनात होते. तरी मी जेवलो. हेही लिहिले पाहिजे.

हात धुतल्यावर त्यांनी कोनाड्यातून जहाज कंपनीच्या कचेरीचे पत्र काढले. 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.'

"गाव हसते जी. सून पाण्याले जाते तं बाया बोलतात. मले एकच सांगा. थो वर काऊन नाई आला?"

मी सगळे सांगितले. पेटी, रंग, वहीतली खोटी ओळ. यंत्रघराच्या तळाला, लोखंडी पत्र्यांखालच्या खड्ड्यात पेटी फुटली तेव्हा ते पहिल्यांदा गोविंदाने पाहिले. गोणपाट कोंबून, पाठ लावून तो तिथेच बसला. मी वरून ओरडलो, वर ये. तो म्हणाला, "मिस्त्री, माणसं आणा. मी हाये इथं." नंतर नळच तुटला, खड्डा पाण्याने भरला. त्याचा पाय अडकला होता.

आसारामजींनी कचेरीचे पत्र घडी घालून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "पाळीवर आमचा हाच कायदा हाये (पाळ म्हणजे तलावाचे पाणी अडवणारी मातीची भिंत). ज्याले पाझर दिसला, त्यानं जागा सोडायची नाई. दुसऱ्यानं पळत गावात जायचं. अन् तुमी पळाले?"

"पळालो. पण माणसं आणायला नाही. आधी फळ्या आणि सिमेंट आणायला. माणसं आली असती, तर रंगवलेली पेटी सगळ्यांना दिसली असती."

दाराआड सून उभी होती. तिच्या हातातले भांडे खाली पडले नाही. ते तिने सावकाश खाली ठेवले.

"म्हणजे थो तुमची वाट पाहून राहिला होता," आसारामजी म्हणाले.

मी कागद पुढे केला. त्यात हे सगळे लिहिले होते. त्यांनी तो घेतला. "गावात वाचून दाखवीन. तुमाले माफ नाई करत जी. उठा, गाडीचा टाइम झाला."

परतीचा रस्ता पाळीवरून होता. खाली उतारावर मला हातभर ओली माती दिसली. मी खासरीतून उतरलो. नागोला म्हणालो, "आसारामजींना बोलाव."

"गाडी चुकन ना बाप्पा!"

"चुकू दे. जा."

मी त्या ओलीपाशी उभा राहिलो. दूर छोट्या गाडीची शिट्टी झाली. तिकडे मान वळवली नाही. आसारामजी कुदळ घेऊन आले, दोन घाव घातले, माती चोळून पाहिली. खाली कोरडे होते.

"म्हशी बसल्या होत्या इथं. पाळ पक्की हाये." कुदळ खांद्यावर टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आता उभे राहिले जी तुमी."

ते निघून गेले. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतलो. बायकोने दारातच विचारले, मन हलके झाले का? नाही झाले. हलके व्हावे म्हणून गेलो होतो, हे तिने विचारल्यावर मला कळले, आणि त्याचीही लाज वाटली. हातोडी अजून चालवतो. प्रत्येक नळ ठोकतो, पेटी फोडतो, नवा बसवतो. सगळे वेळेवर करतो. आता खाली खड्ड्यात कोणी वाट पाहत नसते.