लवू परबाचं उसनं गाऱ्हाणं

लवू परबाला राग आला की तो रागावत नसे, गाणं लावत असे. सोसायटीत पाणी आलं नाही, गाणं. भाजी खारट झाली, गाणं. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत एकदा लिफ्ट अडकली, आत हा आणि चौथ्या मजल्यावरच्या विनिताताई. बाईंचा जीव घाबराघुबरा, आणि हा त्यांना विरहाची कविता ऐकवतोय. विनिताताई तेव्हापासून जिन्यानेच जातात.

साकीनाक्याच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून जन्म काढलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर रसिक झाला होता. म्हणजे मोबाइल घेतला होता. सकाळी कविता, दुपारी जुनं गाणं, संध्याकाळी एखाद्या सिनेमातला प्रसंग, आणि वर मथळा: 'आजची मनःस्थिती'. त्यात त्याचं स्वतःचं काही नसे, मनःस्थितीसुद्धा. ज्या दिवशी पावसाची कविता मिळे त्या दिवशी तो हळवा, ज्या दिवशी देशभक्तीचं गाणं मिळे त्या दिवशी छाती काढून फिरे. आई गेली तेव्हा स्मशानात लाकडं रचणाऱ्या माणसाला त्याने दोन ओळी ऐकवल्या. तो बिचारा म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, पेटवायचंय."

त्याची बायको सुगंधा देवाधर्माची. सकाळी आंघोळ झाली की देवापुढे बसायचं, घरात काय चाललंय ते आधी साध्या बोलीत सांगायचं आणि मग अभंग म्हणायचा, हा तिचा नेम. अभंगाचे शब्दही दुसऱ्याचेच, हे तिला कळत होतं. पण आपलं सांगून झाल्याशिवाय ते म्हणायला तिची जीभ उचलत नसे. नवऱ्याचं म्हणजे आपलं काहीच सांगायचं नाही, नुसता अभंग. तोही रेकॉर्डवर.

या सगळ्याला ती हसून घेत आली होती. पण यंदा निलेशचं लग्न मोडलं.

निलेश त्यांचा एकुलता एक. घाटकोपरच्या श्रुतिकाशी त्याचं ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, हॉलला इसार दिला होता. एके दिवशी तो घरी आला, "लग्न होणार नाही," एवढं म्हणाला आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. पोरीने नकार दिला, असं सगळ्यांनी धरून चाललं. विचारलं कुणीच नाही. पुढे पोरगा कामावर जाईनासा झाला, ताटावरून अर्धपोटी उठू लागला. चार महिने त्या घरात श्रुतिकाचं नाव कुणी काढलं नाही. सुगंधाने दोनदा दाराशी जाऊन पाहिलं, पण दार न वाजवताच ती परतली.

"अहो, तुम्ही बाप आहात. बसा ना त्याच्याजवळ, विचारा काय झालं ते," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी काय गप्प बसलोय का?" लवू दुखावून म्हणाला. "रोज पाठवतो त्याला. काल काय जबरदस्त गजल पाठवली! दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलीन."

"आणि मग?"

"मग काय? भावनेला वाट करून द्यायची असते गं. ते तुला नाही कळायचं."

"भावनेला वाट आणि पोराची वाट लागली," सुगंधा म्हणाली आणि कणीक तिंबायला गेली. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या.

तिने सत्यनारायण घातला. पूजा झाली की घरातल्या मोठ्या पुरुषाने नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही त्यांच्या कोकणातली रीत. त्याला पोथी नसते. घरात जे दुखतंय ते नाव घेऊन, आपल्या तोंडाने देवाला सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. सुगंधाचा हिशोब सरळ होता. दार लावलेल्या पोराशी बाप बोलत नाही, पण देवाशी तर बोलावंच लागेल, आणि पोरगा ते ऐकेल.

आजवर गाऱ्हाणं घालायचे ते लवूचे काका, भिकाजी. पण घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला होता. "औंदा तूच घाल रे," ते खरखरत म्हणाले. "सरळ सांग म्हणजे झाला."

"निलेशचं नाव घ्या. लग्न मोडलं म्हणा. आम्हाला मार्ग दाखव म्हणा. बास," सुगंधाने बजावलं.

"तू बघच," लवू म्हणाला.

भटजी दक्षिणा घेऊन गेले. शेजारीपाजारी सतरंजीवर बसले. निलेश नवा शर्ट घालून दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, वाळक्या लाकडासारखा कोरडा. लवूने नारळ ठेवला, हात जोडले, घसा साफ केला आणि खिशातून मोबाइल काढला.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली आणि आवाजात कंप आणला. "आयुष्य एक वादळी समुद्र, प्रेम एक फुटकी होडी, किनाऱ्यावर उभा एक मुसाफिर, हातात आठवणींची थोडी रेती..."

"होय म्हा..." म्हणता म्हणता लोक थांबले. यात होय कशाला म्हणायचं? भिकाजीकाकांनी डोळे मिटून घेतले. लवूला वाटलं, भारावले.

"काळजाच्या काचा वेचताना, देवा, बोटांना फुलं आली..."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. गाऱ्हाण्याला वा! त्या शब्दाने लवू आणखी फुगला. मान खाली घालून तो पुढची ओळ शोधायला स्क्रीनवर बोट सरकवू लागला. देवासमोर, नारळासमोर, पोटच्या पोरासमोर.

सुगंधा उठली. पदर खोचला आणि नवऱ्याला खांद्याने बाजूला सारून नारळापुढे उभी राहिली. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. तिच्या सासूने घातलं नव्हतं, आईने घातलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!" तिचा आवाज स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा निघाला. माहेरची बोली आपसूक तोंडात आली. "ह्या घरचो झील निलेश. त्याचा ठरलेला लगीन मोडला, म्हाराजा!"

मग भिकाजीकाका होता नव्हता तो घसा ताणून म्हणाले, "होय म्हाराजा!"

"श्रुतिका नाय म्हणाली. चार म्हयने ह्या घरात तिचा नाव कोणी घेतला नाय. पोर जेवणा नाय, कामावर जाणा नाय, आणि आमी त्याका काय इचारूक नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता सगळे म्हणाले.

"त्याका बोलूची बुद्धी दी. आमका ऐकूची दी. काय चुकला माकला तर पदरात घे, म्हाराजा!"

निलेश आत निघून गेला.

"केलीस ना पोराची शोभा चारचौघांत?" लवू दबक्या आवाजात खेकसला. "मी किती हळुवार नेत होतो!"

शिरा वाटून झाला, माणसं गेली. सुगंधा द्रोण गोळा करत होती तेव्हा निलेश स्वयंपाकघराच्या दारात आला.

"आई, देवाला खोटं सांगितलंस तू."

"काय रे?"

"ती नाही म्हणाली नव्हती. मी म्हणालो."

द्रोण तिच्या हातातच राहिले.

"पप्पा जे पाठवायचे ना, तेच मी तिला पाठवायचो. गाणी, ओळी, सिनेमातलं काहीबाही. तिला वाटायचं, मला हे सगळं आतून येतं. मग समोर बसलो की मला काही बोलताच येईना. ती वाट बघायची. एकदा म्हणाली, निलेश, तू आणि तो मेसेजवाला वेगळे आहात का रे? काय सांगणार? सरळ मोडून टाकलं."

हे बोलताना तो अडखळत होता, मधेच थांबत होता, आणि त्याचा असा आवाज सुगंधाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

लवू पाठीमागे येऊन उभा होता. त्याचा चेहरा पडला असेल असं तिला वाटलं. पण त्याचे डोळे चमकत होते.

"कुठली ओळ आवडायची रे तिला?" त्याने विचारलं. "माझ्याकडे आहे जपून ठेवलेली."

सुगंधाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. द्रोण खाली ठेवले, हात पदराला पुसले आणि पोराला घेऊन ती ओट्याशी खालीच फरशीवर बसली.

"तुम्ही बाहेर जा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि दार लावून घ्या. हां, बोल रे. हे सगळं तिला सांगितलंस का?"

"नाही."

"मग आधी मला सांग. जमेल तसं सांग."