काठ हातभर राहिला

नवऱ्याने सिॲटलला शिडाची बोट घेतली, तेव्हापासून मी डेकवर पाऊल ठेवलं की तो माझ्या अंगावर सुरक्षेचे पट्टे चढवायचा आणि त्यांची आखूड दोरी डेकच्या मधल्या कडीत अडकवायचा. मी अलिबागची, समुद्रात पोहतच वाढलेय, हे सांगून सांगून मी थकले.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा नेमकी रविवारी आली. बेलव्ह्यूच्या इंडियन स्टोअरमधून मी मुद्दाम शेंडीचा नारळ आणला. भर समुद्रात त्याला हळदकुंकू लावलं आणि तो दोन्ही हातांनी पाण्यात सोडायला उठले. बोटीचा काठ हातभर राहिला आणि दोरीने मला मागे खेचलं.

"दोन मिनिटं काढ ना हे!"

"अगं, तोच तर पॉइंट आहे. काठाशी पोचलीच नाहीस, तर पडशील कशी?"

मी चिडून नारळ भिरकावला. तो कठड्यावर आपटला आणि गडगडत परत माझ्याच पायाशी आला. नवरा खो-खो हसला. बोट ऑटोपायलटवर टाकून तो आला, नारळ उचलला, काठावर ओणवा झाला आणि दोन्ही हातांनी अलगद पाण्यात सोडला.

"झालं. तुझ्या वतीने दिला."

त्याच्या अंगावर एकही पट्टा नव्हता.