न लागलेली डुलकी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. राजूर-जालना रस्त्यावर सवाऱ्या न्यायला आमच्या ह्यांनी नवी कोरी जीप घेतली होती. तिला वर्षही झालं नव्हतं. एका दुपारी, सरळ रस्त्यावर, समोर बैल नाही की ट्रक नाही, आणि जीप गेली खड्ड्यात. गाडीत ह्यांच्या शेजारी फक्त सासूबाई होत्या. त्यांचा उजवा हात कोपरात मोडला. हे सांगत राहिले, मी स्टिअरिंग फिरवत होतो, पण चाकं वळतच नव्हती. सासूबाईंचं एकच पालुपद, "तुला डुलकी लागल्ती."

जन्मदाती आईच असं म्हणाल्यावर गाव कशाला मागं राहतंय? "झोपाळू डायव्हर आला," असं पोरंसोरंही म्हणायला लागली. जीप दुरुस्त झाली, पण हे तिच्या स्टिअरिंगला हात लावेनात. पगारी ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः त्याच्या शेजारी पाहुण्यासारखे बसू लागले. मला ते बघवत नव्हतं.

दुरुस्ती करताना मस्तगडच्या मिस्त्रीनं टायरॉड काढून माझ्या हातात दिला होता. स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत पोचवणारी ती सळई मधोमध तुटली होती. "वहिनी, मालच कच्चा हाय. भाऊची बिलकुल गलती न्हाई," तो म्हणाला. मी तो तुकडा घेऊन नवीन जालन्यातल्या शोरूममध्ये गेले. मॅनेजरनं चहा पाजला आणि गाडी नीट चालवायची असते असा उपदेश केला. बाहेर पडताना तिथलाच एक कामगार हळूच म्हणाला, "मॅडम, ही चवथी जीप. कंपनीला समदं माहीत हाय." लिहून देता का म्हटलं, तर तो जो गाडीखाली शिरला तो बाहेरच येईना.

मी शाळामास्तरीण, अर्ज लिहिणं माझ्या डाव्या हातचा मळ. कंपनीला पत्रावर पत्र धाडलं. दर वेळी उत्तर एकच, आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. त्या नोंदीचं काय लोणचं घालायचं? शेवटी ग्राहक मंचात नुकसानभरपाईचा दावा लावला. भरपाई हवीच होती, पण त्याहून जास्त हवा होता शिक्क्याचा एक कागद, ज्यावर लिहिलेलं असेल की दोष गाडीत होता, चालवणाऱ्यात नव्हता. तो कागद मला सासूबाईंच्या पुढ्यात आपटायचा होता, खोटं कशाला बोलू?

आणि मीच माती खाल्ली. दसऱ्याच्या साफसफाईत सासूबाई तुकड्यावरून अडून बसल्या. "माझा हात मोडणारं लोखंड सणाला घरात नको." वाद नको म्हणून मी तो मिस्त्रीकडं ठेवायला दिला. कशासाठी, ते सांगितलं नाही. खंडेनवमीला गॅरेजवाले पाने-हातोड्यांची पूजा मांडतात आणि त्याआधी दुकान पार धुऊन काढतात. सगळं भंगार बाहेर जातं. आमच्या जालन्यात तर लोखंड वितळवायच्या भट्ट्या जागोजागी, तुटकं लोखंड इथं आठवडाभर टिकत नाही. दिवाळीनंतर मी मिस्त्रीच्या दारात उभी राहिले, तर तो म्हणाला, "पूजेला मोडकं लोखंड कसं ठिवावं, वहिनी?" त्याच्यावर काय ओरडणार!

मंचासमोर कंपनीच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "तो तुकडा कुठे आहे?" दावा फेटाळला गेला. हे म्हणाले, "जाऊ दे." मला त्या 'जाऊ दे'चाही संताप आला.

पुढच्याच वर्षी शोरूमनं मोफत तपासणी शिबिर ठेवलं. मंडप, चहा, वर एक कॅलेंडर. त्या दिवशी सासूबाईंचा हात डॉक्टरला दाखवायचा होता, म्हणून ह्यांच्या-माझ्याबरोबर त्याही जीपमध्ये होत्या. बघते तो काय, येईल त्या जीपचा टायरॉड मुकाट्यानं बदलून देणं चाललेलं!

"का बदलताय?" मी मॅनेजरला धरलं.

"सुधारणा, मॅडम."

"म्हणजे आधीचा सदोष होता. तसं लिहून द्या."

"सदोष नाही मॅडम, सुधारणा."

माझा आवाज चढला. चहावाले, ड्रायव्हर, सगळे जमा झाले. सासूबाई मात्र कोपऱ्यात काढून टाकलेल्या टायरॉडच्या ढिगापाशी उभ्या होत्या, वाकडा हात पोटाशी धरून. बराच वेळ बघून त्यांनी मॅनेजरला हाक मारली.

"ओ साहेब, हे एवढे समदे डायव्हर झोपल्ते का?"

मॅनेजर हातातले कागद चाळू लागला. सासूबाई ह्यांच्याकडं वळल्या.

"त्या दिशी डोळा माझा लागल्ता," त्या म्हणाल्या. "तुझा मला काय बी ठावं न्हाई."

मला त्यांना गदागदा हलवून विचारायचं होतं, हे तेव्हाच का नाही बोललात? पण हे तिथंच मंडपाच्या सतरंजीवर बसले आणि चारचौघांत रडायला लागले.