बघण्याचा कार्यक्रम आणि माझं भित्रं पोट

माझं पोट भित्रं आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "सर, आत काहीच न्हाई. कळ येईल म्हणून तुम्ही धास्ती घेता, अन् त्या धास्तीनंच कळ येते. धास्ती सोडा." ती सोडायची कशी, हे मात्र कुठल्याच गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. (परीक्षेला डोकं शांत ठेवा, असं पोरांना रोज सांगायचो. स्वतः मात्र शिकवायला संडासाजवळची खोली मागून घेतली होती.) या पोटापायी लग्न लांबलं होतं. शेवटी मामांनी लातुरातलंच स्थळ आणलं. सुरेखा मला क्लासला जाता-येता दिसायची, लई आवडायची. हे स्थळ हातचं जाता कामा नये, असं वाटलं. तेवढा विचार पोटाला पुरला!

बैठकीत माझी पहिली नजर मुलीवर जायला हवी होती. नजर गेली संडास शोधायला. तो अंगणाच्या पार टोकाला. इथं कळ आली तर, असं मनात आलं आणि कळ आली.

"सर, पोहे घ्या की," सुरेखाचे वडील म्हणाले.

"हाव, घेतो," म्हणत मी बशी मामांच्या मांडीवर ठेवली आणि दाराबाहेर धूम ठोकली.

लातूरच्या त्या मोठ्या भूकंपाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कुणी अचानक पळालं की कारण विचारायचं न्हाई, आपणही पळायचं, अशी आमच्याकडे सगळ्यांना सवय लागली होती. मामा पोह्यांसकट उठले, "पळा!" म्हणून ओरडले. घर रस्त्यावर आलं, घराच्या मागं गल्ली आली. मी तोवर आतून कडी लावली होती.

बाहेर माणसं मोजली, तर नवरदेवच कमी! सुरेखाचे वडील जिवावर उदार होऊन परत आले, घरभर शोधून शेवटी संडासाचं दार बडवू लागले.

"सर, बाहेर या! जमीन हालून राहिली!"

खरं बोललो तर सोयरीक मोडणार. गप्प बसलो तर अख्खी गल्ली उन्हात, त्यात शेजारची एक बाळंतीण. मला रडू यायचं बाकी होतं.

"काका, भूकंप न्हाई," मी आतून म्हणालो. "मी हाय. पोट बिघडलंय."

काकांनी ते तिथूनच रस्त्यावरच्यांना ओरडून सांगितलं. मग गल्ली जी हसत सुटली! मामांचा आवाज सगळ्यांत मोठा. सोयरीक गेली, असं धरून मी आतच बसून राहिलो. तेवढ्यात दाराशी सुरेखाचा आवाज आला.

"बादली भरून ठेवलीय. निवांत बसा. घाई कुणाला हाय?"

कळ थांबली. एवढ्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते झालं. बाहेर आलो तर सुरेखाचे वडील मामांना म्हणत होते, "माणूस खोटं बोलत न्हाई. साखरपुडा उरकून टाकू."

संसार छान चाललाय. फक्त सासुरवाडीला मी नुसता पाणी प्यायला उठलो, तरी शेजारपाजारचे आधी लेकरं काखेत मारतात.