एलिजाचा आठवा दिवस

"काका, पप्पा गेले," एलिजाच्या मुलाचा, इसहाकचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. जुडी तशीच राहिली... काही आठवडे उलटले, तरी मन एका जागी ठरत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो.

एलिजा आमच्या सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट होता, मी ऊस विभागात. तो अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. शनिवार त्यांचा देवाचा दिवस, कामाला हात लावायचा नाही, त्याबदली रविवारी प्रयोगशाळेत एकटा बसायचा. इसहाक जन्मला ते दुष्काळाचं साल. उभा ऊस छावणीतल्या जनावरांपुढे पडला, गाळप बंद झालं, शिरूर कासारची माणसं ऊसतोडीला लांबच्या मुलखात गेली. अशात एलिजाच्या बायकोला, रूथवहिनींना मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता करायची होती आणि त्यासाठी मुंबईहून त्यांच्यातले एक बुजुर्ग येणार होते. आदल्या दिवशी तार आली, बुजुर्ग आजारी. "दोन दिवस पुढं ढकल की," मी म्हणालो. एलिजा येरझाऱ्या घालत होता. "पोरगं आजारी असलं तरच दिवस हलतो. देवानं अब्राहामाशी केलेल्या कराराची ही खूण आहे. आणि हुकूम बापाला आहे."

कारखान्याच्या दवाखान्यातल्या मार्थाबाई ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "येशूचीबी आठव्याच दिवशी झालती. पण आमच्यात पुढं ठरलं, खरी सुंता काळजाची. तुमी एवढा जीव का टांगणीला लावता?" एलिजा थांबला. "बाई, काळजाची झाली की नाही हे मला कसं कळणार?"

शेवटी मी नेकनूरहून रहीमचाचांना आणलं. पंचक्रोशीतल्या मुसलमान मुलांची सुंता तेच करायचे. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्यात दिवसाची सक्ती न्हाई. पण ही इब्राहिमांचीच, तुमच्या अब्राहामाचीच सुन्नत हाय. हुकूम बापाला असंल तर बापानंच करावं. मी हात धरतो." एलिजानं पातं हातात घेतलं. पोराच्या तोंडाकडे पाहिलं, ते खाली ठेवलं आणि मूल चाचांच्या ओटीत दिलं. चाचा बिस्मिल्ला म्हणाले, एलिजानं हिब्रूत प्रार्थना म्हटली. नाव ठेवलं इसहाक, अब्राहामाच्या लेकाचं. "आमी त्याच्या थोरल्या भावाकडचे, इस्माईलकडचे," चाचा पट्टी बांधता बांधता हसले, "बाप एकच." टँकरच्या पाण्यात पोहे भिजवून वहिनींनी मलिदा केला. गूळखोबऱ्याचे ते पोहे सगळ्यांनी मिळून खाल्ले.

पण एलिजाची तगमग तिथून सुरू झाली. मुंबईच्या बुजुर्गांनी सांगितलं, परधर्मीयाच्या हातून झालेली सुंता पुरी नाही. रक्ताचा एक थेंब पुन्हा काढावा लागेल. "माझ्या लेकराला पुन्हा कुणी टोचायचं नाही," वहिनींनी ठणकावलं. एलिजानं ते ऐकलं, पण पुढे वर्षानुवर्षं चालता चालता मधेच मला विचारत राहिला, "करार पुरा झाला असेल का रे?"

इसहाक मोठा झाला, मुंबईत नोकरीला लागला. लग्नाआधी त्यानं स्वतः जाऊन तो थेंब काढून घेतला आणि बापाला कळवलं. मला वाटलं, सुटला एकदाचा. दुसऱ्याच दिवशी एलिजा माझ्या दारात. "चल, नेकनूरला जाऊ. चाचांना दुसऱ्याकडून कळायला नको."

चाचा फार थकले होते. एलिजानं मान खाली घालून सगळं सांगितलं. चाचांनी त्याला खाटेवर शेजारी बसवलं. मग म्हणाले, "तुमच्यात लागत असंल तर काढायलाच पायजे थेंब. पण त्या दिवशी तुमी लेकरू माझ्या ओटीत दिलतं... ते तर माघारी घेतलं न्हाई ना?" एलिजानं चाचांचे दोन्ही हात धरले. पुढे चाचा गेले तेव्हा एलिजा त्यांच्या कबरीवर माती टाकून आला आणि परतताना बसमध्ये मला म्हणाला, "देवापुढे मी बरोबर होतो. मग चाचांपुढे अपराधी का वाटतं?"

निवृत्तीनंतर एलिजा आणि वहिनी अंबाजोगाईला राहिले. मागच्या शुक्रवारी वहिनींना भेटायला गेलो. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होतो, म्हणून शुक्रवारचा दिवा दिवस मावळायच्या आत लागायला हवा. त्यासाठी एलिजा गॅलरीत उभा राहून सूर्यावर लक्ष ठेवायचा आणि वेळ झाली की आत हाक मारायचा. वहिनी काडेपेटी हातात घेऊन बसल्या होत्या. हाक येईना... मग मीच उठलो. गॅलरीत जाऊन पाहिलं, सूर्य डोंगराला टेकला होता.

"वहिनी," मी आत हाक दिली, "लावा आता."